मोहरीच्या वाट्याच्या अळ्या

“मोहरी उपटायला तुला सांगितलं कुणी? मी सांगितलं? माझ्या आईनं सांगितलं? का स्वप्नात येऊन कोण सांगून गेलं?”

“ओरडू नको ना ताई. लोक बघतात.”

“बघू दे! बघायलाच पाहिजे लोकांनी. एवढा हुशार माणूस आख्ख्या मखमलाबादमध्ये दुसरा सापडायचा नाही!”

योगिनीताई वाफ्याच्या मधोमध उभी होती. खांद्यावरची कॉलेजची बॅगसुद्धा तिनं अजून उतरवली नव्हती. तिच्या हातात ब्रोकोलीचं एक पान होतं आणि पानावर बारीक हिरव्या अळ्या निवांत जेवत होत्या. सनी बांधावर उभा होता. या भांडणात आपली बाजू कुठली, तेच त्याला सापडत नव्हतं. एरवी असं होत नाही. बाजू नसली तरी सनीकडं आवाज असतो, आणि आवाजावर त्यानं आजवर बरंच निभावून नेलंय. नववीपर्यंतची शाळा त्यानं आवाजावरच काढली. शाळा सुटली तीही आवाजामुळंच.

“साफ केलं मी,” तो म्हणाला. “घाण झाली होती मोहरी. अळ्याच अळ्या. रविवारी पप्पा येणार, मामा येणार. त्यांना काय अळ्या दाखवायच्या?”

“आणि उपटून टाकलीस कुठं?”

आता इथं सनीनं गप्प बसायला पाहिजे होतं. पण गप्प बसणं हा विषय त्याच्या शाळेत शिकवलाच नव्हता.

“ब्रोकोलीच्या बुडाशी,” तो जरा ऐटीतच म्हणाला. “आच्छादन. जमीन उघडी ठेवायची नसते ताई. व्हिडिओत सांगितलंय.”

ताईनं बॅग खाली ठेवली. मग त्या बॅगेवरच बसली. आणि ती ओरडायची थांबली, तेव्हा सनीला पहिल्यांदा भीती वाटली.

आता हे प्रकरण इथपर्यंत आलं कसं, ते सांगितलं पाहिजे.

शाळा सुटल्यावर सनीनं कामं केली नाहीत असं नाही. गॅरेजला लागला होता. तिथं मालक नट उलटा आवळत होता. सनीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही, आणि नजरेतून सुटलं नाही की तोंडातून निसटतंच. गिऱ्हाइकासमोर निसटलं. मग मोबाइलच्या दुकानात गेला. तिथं एक काका काचेवर थुंकी लावून स्क्रीन पुसत होते. त्यांना सनी काय बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन्ही ठिकाणच्या मालकांनी पप्पांना फोन करून सांगितलं, पोरगं हुशार आहे, पण आमच्याकडं नको.

पप्पा म्हणजे गोरक्ष. सातपूरला कंपनीत शिफ्टला जातात, कमी बोलतात. त्यांनी ठरवलं, पोरगं घोटीला पाठवायचं. घोटीत सनीचा मामा आहे, संतोषमामा. त्याची भाताची गिरणी आहे. सनी एकदा तिथं गेला होता. सगळीकडं भुशी. माणसांच्या भुवया पांढऱ्या. मशिनचा आवाज एवढा, की सनीनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि कुणालाच ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून घोटीचं नुसतं नाव काढलं तरी तो विषय बदलायचा. जिथं आपला आवाज चालत नाही, तिथं आपण करायचं काय?

तेव्हा मधे पडली लंकाआत्या. पप्पांची मोठी बहीण. घर शेजारीच, आणि घरामागं तिचं भाजीचं छोटं वावर. तिचे गुडघे गेले होते. तिची पोरगी योगिनी शेतकीच्या कॉलेजात, हॉस्टेलला, सुट्टीपुरती घरी.

“दे रे मला त्याला ह्या हंगामापुरता,” आत्या म्हणाली. “मेथीला काय, तो बोलला काय नाय बोलला काय.”

पप्पा म्हणाले, “ब्रोकोली लावताय ना? गड्डे निघेपर्यंत देतो. माल स्वच्छ निघाला तर वावर त्यानं करावं. नाय निघाला तर मामाच्या गाडीत बसायचं. तोंड न उघडता.”

‘तोंड न उघडता’ हे सनीला जास्त लागलं.

दिवाळीनंतर योगिनीताई सुट्टीला आली आणि तिनं काडीनं मातीत नकाशा काढला. ब्रोकोली एकटी लावायची नाही, म्हणाली. तिला सोबत पाहिजे. कडेनं झेंडू. दोन ओळींमध्ये कांदा, त्याच्या वासानं किडे गोंधळतात. कोपऱ्यात शेपू आणि कोथिंबीर, ती तोडायची नाही, फुलू द्यायची. त्या फुलांवर जे बारके किडे येतात, ते अळ्यांचा फडशा पाडतात. टोमॅटो लांब. आणि सगळ्यात आधी, ब्रोकोलीची रोपं लावायच्याही आधी, चारही बाजूंनी मोहरी.

“मोहरी कशाला? फोडणीला?” सनीनं विचारलं. आत्या लय हसली. सनीला वाटलं, आपण आता शेतकरी झालो.

“ऐक नीट,” ताई म्हणाली. “कोबी, ब्रोकोली खाणारी जी अळी असते ना, तिला मोहरी जास्त आवडते. पतंग आधी मोहरीवर अंडी घालतो. त्यामुळं मोहरीवर अळ्या दिसल्या की—”

“कळलं,” सनी म्हणाला.

सनी ‘कळलं’ म्हणतो, तेव्हा त्यानं ऐकायचं थांबवलेलं असतं. त्या वेळी त्याला दिसलं होतं, की ठिबकच्या नळीचं एक भोक बुजलंय आणि तिथली माती कोरडी आहे. तो उठला, टाचणी आणून भोक मोकळं केलं. पाणी आलं. आत्या म्हणाली, “नजर बघा पोराची!” आणि ताईचं अर्धं वाक्य मातीतल्या नकाशावरच पडून राहिलं. पुढं ती म्हणत होती, की अळ्या दिसल्या की खूश व्हायचं, मोहरीला हात लावायचा नाही, औषध मारायचं ते मोहरीवर. पण सनी तेव्हा टाचणी शोधत होता.

तर वावर असं झालं, की सनीला स्वतःचाच हेवा वाटायला लागला. ब्रोकोलीची निळसर हिरवी पानं, कडेला झेंडूची रांग. सकाळी थंडीत तो कानाला मफलर गुंडाळून वाफ्यातून हिंडायचा आणि रोज एक स्टेटस टाकायचा. एक दिवस नुसता स्वतःच्या चिखलानं भरलेल्या चपलांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मातीशी नातं’. हे वाक्य त्याला एवढं आवडलं, की त्यानं ते दुसऱ्या दिवशी परत टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटत होतं. शेपू विचारत नाही, दहावी का नाही केली. कांदा म्हणत नाही, अमक्याचा पोरगा बघ.

मग गड्डे धरायला लागले आणि मोहरी बिघडली. म्हणजे सनीच्या मते बिघडली. पानांची चाळण झाली. जिथं बघावं तिथं अळ्या.

त्यात मुन्ना आला. मुन्ना हा सनीच्या वर्गातला, पलीकडच्या गल्लीतला. तो अजून शाळेत जातो, आणि शाळा सुटली की सनीच्या बांधावर येऊन बसतो. त्यानं मोहरीकडं बघितलं आणि म्हणाला, “काय रे, वाफ्याला जाळीचं बनियन घातलंय का?”

एवढंच. बाकी तो काही बोलला नाही. पण सनीच्या डोक्यात ते बनियन बसलं. तेवढ्यात कंपनीतून पप्पांचा फोन आला. रविवारी सुट्टी आहे, मामापण येतोय, वावर बघायला येतो. आत्या नेमकी कळवणला, नणंदेच्या पोरीच्या साखरपुड्याला गेलेली. सनीनं मोहरीकडं बघितलं. मामा पांढऱ्या शर्टात त्या जाळीच्या बनियनसमोर उभा आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यासमोर आलं, आणि डोकं सटकलं.

त्यानं मोहरी उपटली. सगळी. एक झाड ठेवलं नाही. उपटताना शिव्या दिल्या आणि मजा आली. मग समोर एवढा मोठा ढीग पडला, तेव्हा त्याला व्हिडिओतला टोपीवाला माणूस आठवला, हिरवा पाला फेकू नका, झाडाच्या बुडाशी अंथरा. सनीनं अंथरला. नुसता फेकला नाही बरं का. एकेका ब्रोकोलीच्या बुडाशी, पंगतीत पाहुण्याला पाट मांडावा तसा, हातानं नीट लावून अंथरला. अळ्यांना चालायचाही त्रास नको.

आणि स्टेटस टाकलं. ‘साफ काम, साफ माणूस’.

ते स्टेटस योगिनीताईनं हॉस्टेलवर बघितलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पहिल्या गाडीनं ती घरी पोचली. पुढचं भांडण वर सांगितलंच आहे.

“मग आता?” सनीनं विचारलं.

“आता काय? बादली आण. साबणाचं पाणी कर. एकेक पान उलटं करायचं, अळी काढायची, बादलीत टाकायची.”

“सगळ्या झाडांवरून?”

“नाही, तुला आवडतील तेवढ्या झाडांवरून.”

आधी त्यांनी तो अंथरलेला पाला गोळा केला. म्हणजे सनीनं गोळा केला, ताईनं नुसतं बघितलं. अंथरताना पाठ दुखली नव्हती, उचलताना दुखली. मग दोघं वाकून पानं उलटायला लागली. अळी दिसायला मरतुकडी, पण बोट लागलं की वळवळून तोंडातून काढलेल्या धाग्याला लटकते आणि खाली सटकते. सनीला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. पकडल्यावर तोही असाच सटकायचा.

दुपारी मुन्ना आला. बांधावर बसून हसला, मग हसून कंटाळला आणि स्वतःच बादली घेऊन वाफ्यात उतरला.

“शाळा कशी चाललीय?” ताईनं त्याला विचारलं.

“वाट लागलीय. हा होता तोपर्यंत बरं होतं. सर वर्गात आले की आधी ह्याच्यावर घसरायचे. अर्धा तास ह्याच्यावरच जायचा, आम्ही निवांत. आता हा नाय, तर रोज मी नायतर रविराज.”

ताई पान धरून थांबली. सनीकडं बघून गालात हसली.

“काय?” सनी म्हणाला.

“काही नाही. मोहरीचं काम हेच असतं.” आणि मग तिनं मुन्नाला ते अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करून सांगितलं. सनीनं पण ते पहिल्यांदाच ऐकलं.

“आयला!” मुन्ना म्हणाला. “म्हणजे शाळेनं पण मोहरी उपटली?”

सनीला आधी राग आला. त्यानं मुन्नाला ढेकूळ मारलं. मग जरा वेळानं त्याला बरं वाटायला लागलं. त्यानं शाळा का सोडली, याची आजवर लोकांनी बरीच कारणं दिली होती, पण शेतकीच्या कॉलेजातलं कारण पहिल्यांदाच मिळत होतं. मात्र ह्या मोहरीनं स्वतःच्या हातानं दुसरी मोहरी उपटली, हे आठवलं, आणि तो परत गप्प वाकून अळ्या काढायला लागला.

संध्याकाळी आत्या कळवणहून आली. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, वावराकडं बघितलं, मग सनीकडं. सनी वाट बघत होता, की आता ही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, त्याला उत्तर तरी देता आलं असतं. आत्यानं प्लास्टिकचं स्टूल उचललं, वाफ्याच्या कडेला मांडलं आणि बसली.

“सरक तिकडं. गुडघे गेलेत माझे, बोटं नाय गेली.”

अंधार पडायच्या आत ताईनं पंपानं निंबोळी अर्क मारला. सनी त्या वासात उभा होता, हाताला साबणाचा आणि अळ्यांचा वास, आणि त्याला पहिल्यांदा कळलं, की आपल्याला हे वावर पाहिजे. कालपर्यंत त्याला फक्त घोटी नको होतं.

रविवारी सकाळी मामाची पिकअप आली. मामा पांढऱ्या शर्टात, अगदी सनीनं चित्रात बघितला होता तसाच. पप्पा मागून. आत्यानं चहा टाकला, पण पप्पा सरळ वावरात गेले. मागं सगळी वरात.

पप्पांनी एक गड्डा कापला. मधोमध फोडला. आत अळी होती. एक. पण लठ्ठ, घरच्यासारखी बसलेली. मामा चुकचुकला. पप्पांनी दुसरा फोडला. स्वच्छ. तिसरा, स्वच्छ. चौथ्याच्या आत अळीच्या लेंड्या.

“निम्मं-निम्मं दिसतंय,” मामा म्हणाला.

पप्पांनी कडेनं नजर फिरवली. “योगिनी, तू मोहरी म्हणाली होती ना? कुठंय मोहरी?”

झेंडूवर एक माशी गुणगुणत होती तेवढीच.

“मीच काढली,” आत्या म्हणाली. “कळवणला जायचं होतं ना. म्हटलं, घेऊन जावी भाजी. पाहुण्यांकडं हात हलवत कसं जायचं?”

आता इथं सनीनं फक्त गप्प बसायचं होतं. एवढं एक काम. ताईनं मागून त्याच्या शर्टाला चिमटा काढला, तोसुद्धा त्याला कळला. पप्पांचा चेहरा सैल व्हायला लागला होता. आत्याला ते काही बोलले नसते. वावर सनीचं झालं असतं.

पण सनीनं आत्याकडं बघितलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उभी होती आणि खोटं बोलायची सवय नसल्यानं आभाळाकडं बघत होती. सगळ्या अळ्या आपल्या अंगावर घेऊन. आणि सनीचं डोकं सटकलं.

“खोटं बोलते ती!” तो एवढ्यानं ओरडला, की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. “काय पण बोलते! अळ्यांनी भरलेली भाजी कोण नेतं साखरपुड्याला? मी उपटली! मी! आणि नुसती उपटली नाय, ब्रोकोलीच्या बुडाशी अंथरली! हातानं! स्टेटस पण टाकलं! तुम्ही बघितलं नाय का स्टेटस? लाइक केलंय ना तुम्ही पप्पा? मग!”

पप्पांनी खरंच लाइक केलं होतं. ते जमिनीकडं बघायला लागले.

“आणि काल दिवसभर अळ्या काढल्यात,” सनीचं सुरूच होतं. “आत्यानं काढल्यात, ताईनं, मुन्नानं. जे स्वच्छ निघाले, ते त्यांनी काढलेले. किडके माझे असतील! न्या मला घोटीला! पण हिला का बोलायला लावता खोटं!”

हिला कुणीच काही बोलायला लावलं नव्हतं. पण सनी एकदा सुटला की असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकत नाही.

मामा हसायला लागला. पोट धरून हसला, पांढऱ्या शर्टाची बटणं ताणली.

“दाजी,” मामा पप्पांना म्हणाला, “रागावू नका. पण हे पोरगं माझ्या गिरणीत नको. बापावर असा ओरडतो, गिऱ्हाइकाला तर पोत्यात भरंल. आणि मशिनच्या वरचा आवाज हाय ओ ह्याचा!”

म्हणजे सनीला घोटीनं पण नको म्हटलं. तेही त्यानं घोटीला जायची तयारी दाखवल्यावर. एवढा अपमान गॅरेजमध्येसुद्धा झाला नव्हता. सनी मामाला उत्तर देणार होता, पण ताईचा दुसरा चिमटा पहिल्यापेक्षा जोरात होता.

पप्पांनी हातातला किडका गड्डा नीट पुसला. अळी काढली, इकडंतिकडं बघितलं आणि बादलीत टाकली.

“मी म्हटलं होतं, स्वच्छ निघाला तर,” ते म्हणाले. “स्वच्छ नाय निघाला.”

“नाय,” सनी म्हणाला.

“गड्डे संपेपर्यंत थांब. निघंल तेवढं काढ. मग परत पेरायचं. मोहरी आधी. माझ्यासमोर.”

सनीला नीट कळलं नाही, हे हो आहे का नाही. आत्यानं डोळ्याला पदर लावला, म्हणजे बहुतेक हो असावं.

“अन् मोहरीवर अळ्या दिसल्या की?” पप्पांनी विचारलं.

“खूश व्हायचं,” सनी म्हणाला.

“चला चहाला,” मामा म्हणाला. त्यानं सनीच्या खांद्यावर हात टाकला. “बस माझ्याजवळ. दोन शब्द सांगायचेत तुला. रागावर ताबा कसा ठेवायचा—”

सनी चार पावलं त्याच्याबरोबर गेला. मग त्याची नजर मागं वळली. बांधावरच्या आंब्याकडच्या ओळीत, काल अंधार पडला म्हणून राहिली होती त्या ओळीत, एक करडा बारका पतंग पानावर बसत होता. उठला, पुढच्या पानावर बसला. निवडून निवडून, भाजी घ्यायला आल्यासारखा.

“मामा, नंतर सांगा,” सनी बादली उचलत म्हणाला. “ती ओळ राहिलीय. ऊन चढलं की अळ्या पानाखाली सरकतात. मला आता निघायला पाहिजे.”